इंडियानाच्या बास्केटबॉलवाल्यांनो, त्या पाच बॅनरवरून जरा नजर खाली घ्या

प्रति,
ट्रस्टी मंडळ, ॲथलेटिक डिपार्टमेंट आणि चेकबुकवाले समस्त देणगीदार,
इंडियाना युनिव्हर्सिटी, ब्लूमिंग्टन.

स.न.वि.वि.

पत्र मराठीत बघून दचकू नका. इंग्रजीत लोक तुम्हाला पंचवीस वर्षं लिहितायत, ओरडतायत, रेडिओवर फोन लावून शिव्या घालतायत, त्याने काही हललेलं दिसत नाही, तेव्हा म्हटलं आपण आपल्या भाषेत मन मोकळं करावं. तुमच्या कॅम्पसवर मराठी पोरं कमी नाहीत, कुणीतरी वाचून दाखवेलच.

लिहायला बसलो त्याचं कारण माझा नऊ वर्षांचा मुलगा. १९ जानेवारी २०२६ ला आपल्या (अमेरिकन) फुटबॉल टीमने मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, सोळाच्या सोळा मॅच जिंकून, घरात मी आणि बायको अक्षरशः नाचलो, खालच्या मजल्यावरच्यांनी दार वाजवलं तर त्यांच्या अंगावर पण लाल शर्ट. आणि सगळं शांत झाल्यावर पोरगं झोपताना विचारतं, "बाबा, म्हणजे फुटबॉल आपलं आणि बास्केटबॉल पर्ड्यूचं, असं असतं ना?"

पर्ड्यू म्हणजे याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ, आपला कट्टर प्रतिस्पर्धी. झोप उडाली माझी. कारण पोराचं काय चुकलं? तो जन्मल्यापासून त्याने हेच बघितलंय. त्याला कुठे माहीत की आपल्याकडे फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास होता, लोक पार्किंगमध्ये खाऊनपिऊन मॅचला आतही न जाता घरी जायचे.

आता मी कोण हे सांगतो, म्हणजे हा कोण आगंतुक असं वाटायला नको. मी इचलकरंजीचा. आमच्या शाळेत सिमेंटचं कोर्ट होतं, रिंगला जाळी नाही, पडलं की गुडघ्याची सालटी निघायची, आणि पीटीचे सर कबड्डीचे होते त्यामुळे आमचं बास्केटबॉल पण थोडं कबड्डीसारखंच असायचं. २०११ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्सला ब्लूमिंग्टनला आलो तेव्हा मला इंडियाना म्हणजे कुठला प्रोग्रॅम आहे हे काडीचं ठाऊक नव्हतं. रूममेट इथल्याच एका खेड्यातला, त्याने पहिल्या आठवड्यात असेंब्ली हॉल, म्हणजे आपलं बास्केटबॉलचं स्टेडियम, दाखवायला नेलं, एवढ्या प्रेमाने की आपण पाहुण्याला अंबाबाईच्या दर्शनाला नेतो तसं. बाहेरून ती बिल्डिंग काही खास नाही हो, काँक्रीटचं धूड. आत गेल्यावर मात्र दोन्ही बाजूंना अंगावर येतील अशा उभ्या चढत गेलेल्या खुर्च्या, सतरा हजारांच्या वर माणूस बसतं, आणि एका टोकाला वर टांगलेले राष्ट्रीय विजेतेपदांचे ते पाच बॅनर. १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. रूममेटने ती सालं अशी म्हटली जशी आपण पानिपत-बिनिपत म्हणतो, फक्त ही जिंकलेली.

१९७६ चं तर विचारूच नका. ३२ मॅच, ३२ विजय. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यानंतर आजपर्यंत एकही विजेता अपराजित राहिलेला नाही, पन्नास वर्षं झाली. आणि जुनी माणसं अजून हळहळतात की त्याच्या आदल्या वर्षीची टीम याहून भारी होती, स्कॉट मे या खेळाडूचा हात मोडला म्हणून केंटकीकडून दोन पॉइंटांनी हरली. ८१ ला आयझाया थॉमस, ८७ ला सिराक्यूजविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत कीथ स्मार्टचा डाव्या कोपऱ्यातून टाकलेला शॉट, ७४-७३. तो व्हिडिओ मला एवढ्या वेळा दाखवलाय लोकांनी की मी तेव्हा जन्मलो नव्हतो तरी मला वाटतं मी तिथे होतो. शर्टावर खेळाडूचं नाव नाही, फक्त इंडियाना आणि नंबर. हे मला फार आवडलं होतं, अजून आवडतं.

पण मला प्रेमात पाडलं ते बॅनरांनी नाही. १० डिसेंबर २०११. परीक्षा तोंडावर, थंडी कडाक्याची, केंटकी नंबर एकची टीम, त्यांच्याकडे पुढे व्यावसायिक लीग एनबीएत गाजलेला अँथनी डेव्हिस. आणि आपण कोण? आदल्या तीन वर्षांत ६-२५ (सहा विजय, पंचवीस पराभव), १०-२१, १२-२० असा रेकॉर्ड असलेले. तिकीट रूममेटने कुठून पैदा केलं देव जाणे, आम्ही पार वर. शेवटचे पाच-सहा सेकंद, आपण दोन पॉइंटने मागे, व्हर्डेल जोन्स बॉल घेऊन पळतोय आणि मागून येणाऱ्या ख्रिश्चन वॉटफर्डला देतो, तो थ्री-पॉइंटर टाकतो, बझर वाजतो, बॉल आत. ७३-७२. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. शेजारच्या साठीच्या आजोबांनी मला मिठी मारली आणि ते रडत होते, मी इचलकरंजीचा चार महिन्यांपूर्वी आलेला पोरगा, मी पण रडत होतो, कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. खाली कोर्टवर इंचभर जमीन दिसत नव्हती.

ते आजोबा त्या दिवशी बॅनरसाठी रडत नव्हते. तीन वर्षं मार खाऊन टीम उभी राहिली म्हणून रडत होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कडू बोलतो. तुमच्याकडे आणि फॅन लोकांकडे एक आवडती गोष्ट आहे, की १० सप्टेंबर २००० ला शेवटचे तीन बॅनर मिळवून देणाऱ्या कोच बॉब नाइटला काढलं आणि तिथून सगळी अवदसा आली. मी पण बरीच वर्षं हेच मानत होतो. पण जरा कागद बघा. ९४ नंतर नाइटची टीम एनसीएए स्पर्धेत (राष्ट्रीय विजेता ठरतो ती) पहिल्या शनिवार-रविवारच्या पुढे एकदाही गेली नाही, सहा वर्षांत चार वेळा पहिल्याच मॅचला घरी, शेवटच्या वर्षी तर पेपरडाइनकडून वीस पॉइंटांनी. माणूस ग्रेट होता, ६६२ मॅच जिंकल्या इथे, अकरा वेळा बिग टेन, म्हणजे आपली लीग, जिंकली, पोरांना डिग्री घ्यायला लावायचा, नियम मोडून प्लेयर आणायचा नाही, हे सगळं खरं. आणि खुर्ची फेकली, प्रॅक्टिसमध्ये पोराच्या गळ्याला हात घातला, त्याची टेप देशाने बघितली, हेही खरं. आपल्याकडे असे मास्तर असायचे ना, ज्यांच्या हातचा मार खाल्ला म्हणून लोक पन्नाशीत कौतुकाने सांगतात, त्यातला प्रकार. निकाल लागत होता तोवर सगळ्यांनी चालवून घेतलं. निकाल लागेनासा झाला तेव्हा तुम्हाला शिस्त आठवली. म्हणजे काढलं ते बरोबरच, फक्त उशिरा, आणि अशा पद्धतीने की अर्ध्या राज्याने तुमचं तोंड बघायचं सोडलं आणि नाइटने स्वतः जवळपास वीस वर्षं असेंब्ली हॉलमध्ये पाय ठेवला नाही.

आणि मग सुरू झाला तो खांदेपालटाचा खेळ, जो मला या सगळ्यात सगळ्यात जास्त छळतो. बघा ना तुम्ही काय काय केलंत. नाइट गेल्यावर गडबडीत त्याचाच असिस्टंट माइक डेव्हिस, बिचारा कॉलेजात कधी हेड कोच नव्हता, तरी २००२ ला फायनलला नेलं, मेरीलँडकडून हरलो, पण ड्यूकला हरवून गेलो होतो तिथे. लोकांना तो कधी आपला वाटलाच नाही, त्यानंतर चार वर्षांत गेला. मग म्हणालात आता नावाजलेला पाहिजे, अनुभवी पाहिजे, तर केल्विन सॅम्पसन, ज्याच्यावर आधीच्या कॉलेजात प्लेयर मंडळींना नियमाबाहेर फोन केल्याची एनसीएएची केस झालेली हे तुम्हाला माहीत होतं. इथे येऊन त्याने पुन्हा तेच केलं, आणि २००८ ला ऐन सीझनमध्ये साडेसात लाख डॉलर देऊन घरी पाठवलात. (गंमत म्हणजे ते फोनचे नियम पुढे एनसीएएनेच ढिले केले, आणि तोच सॅम्पसन २०२५ ला ह्यूस्टनला घेऊन फायनल खेळला. असो.) मग म्हणालात आता सोज्वळ पाहिजे, तर टॉम क्रीन. त्याच्या वाट्याला जुन्यातली दोन पोरं उरली होती, दोन! त्यातून त्याने वॉटफर्डचा तो दिवस दाखवला, २०१३ ला बिग टेन जिंकलं, ओलाडिपो आणि झेलर दोघेही एनबीए ड्राफ्टमध्ये पहिल्या चारात गेले, २०१६ ला परत बिग टेन. एक वर्ष बिघडलं, काढला. मग म्हणालात हा बचावाकडे बघत नाही, बचाववाला पाहिजे, तर आर्ची मिलर. चार वर्षं, एनसीएए स्पर्धा एकदाही नाही (एक वर्ष कोविडने गेलं, मान्य), पर्ड्यूविरुद्ध सात मॅच, सातही हरलो. त्याला काढायला एक कोटी डॉलरच्या वर मोजले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सत्तर-पंच्याहत्तर कोटी रुपये, तेही खासगी देणगीतून, तेही कोविडच्या वर्षात. मग म्हणालात आता घरचा पाहिजे, नाइटच्या हाताखाली खेळलेला, तर माइक वुडसन, एनबीएचा मोठा माणूस पण कॉलेजचं कोचिंग कधी केलेलं नाही. दोन वेळा स्पर्धेत नेलं, ट्रेस जॅक्सन-डेव्हिससारखा हिरा होता म्हणून, आणि मग २०२५ च्या जानेवारीत सलग दोन मॅच पंचवीस-पंचवीस पॉइंटांनी हरलो, त्यातली दुसरी घरच्या कोर्टवर, आणि आपल्याच पब्लिकने आपल्याच जुन्या प्लेयरला हाकला म्हणून आरोळ्या ठोकल्या. मी टीव्ही बंद केला त्या दिवशी.

दरवेळी तुम्ही कोच नाही निवडलात, आधीच्या कोचवरचा राग निवडलात. डोकं दुखलं की बाम, बामने डोळे चुरचुरले की डोळ्यात थेंब, थेंबाने नाक वाहिलं की वाफारा, आणि मूळ दुखणं काय होतं हे कुणी डॉक्टरला विचारतच नाही.

पलीकडे शंभर-सव्वाशे मैलांवर पर्ड्यू बघा. १९८० पासून आजपर्यंत त्यांचे कोच किती? दोन. जीन कीडी आणि मॅट पेंटर. पेंटरची काय कमी फजिती झाली? २०२३ ला नंबर एकचं मानांकन आणि पहिल्याच मॅचला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरले, देश हसला त्यांना, मी पण हसलो, पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आपल्याकडे असतं तर त्याच रात्री देणगीदारांचे फोन सुरू झाले असते. त्यांनी काही केलं नाही, पुढच्या वर्षी तोच कोच, तोच झॅक इडी, आणि फायनल. हरले फायनल, बॅनर त्यांच्याकडे अजूनही एक नाही, यावरून त्यांना चिडवायचा आपला हक्क मी सोडणार नाही. पण माझ्या पोराला बॅनर दिसत नाहीत, त्याला टीव्ही दिसतो.

आणि पोरं कुठे जातात? बास्केटबॉल या राज्यात मातीत आहे, शाळेच्या जिममध्ये हजारो माणसं बसतात, असलं मी कुठे बघितलं नाही. तरी इंडियानापोलिसची ग्रेग ओडन आणि माइक कॉनली ही जोडी ओहायो स्टेटला गेली आणि पहिल्याच वर्षी फायनल खेळली. ब्राउन्सबर्गचा गॉर्डन हेवर्ड बटलरला. बटलर म्हणजे इंडियानापोलिसमधलं छोटंसं कॉलेज हो, ते २०१० आणि २०११ अशा सलग दोन वर्षी फायनलला गेलं, नेमकी तीच दोन वर्षं आपण १०-२१ आणि १२-२० होतो. म्हणजे विहिरीला पाणी होतं, आपलाच पोहरा फुटका होता.

एवढं होऊनही ऐट बघा. २०१७ ला एनसीएए स्पर्धेत जागा मिळाली नाही, एनआयटी नावाच्या दुय्यम स्पर्धेत मिळाली (आपल्याकडच्या वाचकांनी इंजिनिअरिंग कॉलेज समजू नये), घरच्या कोर्टवर खेळायची संधी होती, तुम्ही नको म्हणालात, असेंब्ली हॉलची किंमत कमी होईल म्हणून. मग जॉर्जिया टेककडे जाऊन हरलो आणि दोन दिवसांत क्रीनला काढलंत. २०२४ ला तर एनआयटीचं नावच नको म्हणालात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो हाच. अहो, त्या स्पर्धेला पाच-पाच डॉलरला तिकिटं लावली असती तर ज्या घरांना एरवी चार तिकिटं परवडत नाहीत ती पोराबाळांना घेऊन आली असती. बिल्डिंगची किंमत आतल्या आवाजाने ठरते, पाहुणा कोण आहे याने नाही. त्या आठ मिनिटं उरल्यावरच्या टाइमआऊटला बँड वाजतो, झेंडे घेऊन पोरं पळतात, ते एकदा लहानपणी बघितलेलं पोरगं पर्ड्यूचा शर्ट घालेल का सांगा.

मला एक दुपार आठवते, ८ फेब्रुवारी २०२०. नाइट परत आले. मी तोपर्यंत नोकरीवाला झालो होतो, बाल्कनीत तिकीट काढलं होतं. हाफटाइमला ते जुन्या खेळाडूंच्या गराड्यात कोर्टवर आले, म्हातारे, थकलेले, आणि सतरा हजार माणसं उभी राहिली, माझ्या अंगावर काटा, आजूबाजूला बापे माणसं डोळे पुसतायत. दहा मिनिटं तो हॉल १९८७ मध्ये होता. मग ते आत गेले, दुसरा हाफ सुरू झाला, आणि पर्ड्यूने आपल्याला धुतलं. घरी येताना गाडीत आम्ही सगळे नाइटबद्दलच बोललो, मॅचबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा नाही कळलं मला, आता कळतंय की रोग हाच आहे. आपल्याला हाफटाइम जास्त आवडायला लागलाय.

आता तुम्ही म्हणाल दुरून बोलणं सोपं, काळ बदलला, पोरांना पैसे द्यायला लागतात, ट्रान्स्फर पोर्टल आहे (पोरं त्यातून कॉलेज बदलतात), दरवर्षी अर्धी टीम उडते. खरंय. २०२५ पासून तर कॉलेजांनी थेट पैसे द्यायचे, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपासची मर्यादा, आणि त्यातला मोठा घास फुटबॉल घेणार हे उघड आहे. पण हाच बदललेला काळ फुटबॉलला नव्हता का? २०२३ ला फुटबॉल ३-९ होतं. त्याच ॲथलेटिक डायरेक्टरने, स्कॉट डॉल्सन साहेबांनी, जे स्वतः विद्यार्थी असताना नाइटच्या टीमचे मॅनेजर होते, ज्यांनी बास्केटबॉलला घरचा माणूस म्हणून वुडसन आणला, त्यांनीच फुटबॉलला कर्ट सिग्नेटी आणला. ज्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही. पूर्वी पेनसिल्वेनियातल्या इंडियाना नावाच्या गावातल्या कॉलेजात कोच होता, तेवढाच काय तो योगायोग. साठी ओलांडलेला, जिथे गेला तिथे जिंकत आलेला, येतानाच आधीच्या कॉलेजातली डझनभर पोरं घेऊन आला, पत्रकारांना म्हणाला मी जिंकतो, गूगल करून बघा. पहिल्या वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय विजेता. फुटबॉलला भूतकाळच नव्हता ना, त्यामुळे कुणी विचारलं नाही की हा अमक्याचा शिष्य आहे का, तमक्याच्या परंपरेत बसतो का. फक्त विचारलं, जिंकतो का.

बास्केटबॉलला कोच म्हणून डॅरियन डेव्रीजना २०२५ च्या मार्चमध्ये आणलंत. बाहेरचे आहेत, छोट्या कॉलेजात वर्षानुवर्षं जिंकत आलेत, पहिली निवड मला मनापासून पटली. २०२५-२६ च्या पहिल्या सीझनला टीम जवळपास सगळीच नवी, स्वतःचा मुलगाही टीममध्ये, शूटिंग करणारी पोरं. मी त्यांच्यावर आत्ता एक शब्द बोलणार नाही, आणि माझं मागणंही तेच आहे की तुम्ही पण बोलू नका. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी पर्ड्यूकडून दोन्ही मॅच हरलो तरी नाही. कोच कोण ठरवतं, कोण काढतं, हे एकदा नाव घेऊन जाहीर सांगा, म्हणजे कुणाचा चेक मोठा त्याचा आवाज मोठा हा प्रकार थांबेल. देणगीदार साहेब, तुमचे बायआऊटचे, म्हणजे करार मोडायचे, कोटी कुणाला घालवण्यासाठी देण्याऐवजी राज्यातली पोरं राज्यात ठेवण्यासाठी द्या, आता तर ते कायदेशीर आहे. आणि एनआयटीचं आमंत्रण आलं तर गुपचूप घ्या आणि घरी खेळा. मी पोराला घेऊन येतो. बाल्कनीत चालेल.

कळावे, लोभ आहेच, म्हणून तर एवढं लिहिलं.

आपला,
बाल्कनीतला एक इचलकरंजीकर

ता.क. – वॉर्मअपच्या त्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पँटी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका. बायको म्हणते बँडवाल्यांच्या वाटतात. वाटू देत.